अकरा एकांची संख्या

सुपडू, ती फुटली.

होय, तीच. आपली अकरा एकांची संख्या. जिच्यापायी तू सात वह्या भरल्यास आणि "नही फुटस, भो" म्हणत माझं डोकं खाल्लंस, ती फुटली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग जातो, बाकी शून्य. मी चार वेळा करून पाहिलं, शेवटच्या वेळी तर मोठ्याने बोलत केलं. तुला जाऊन दोन महिने होत आले आणि ही बातमी कुणाला सांगावी ते मला कळत नाहीये. इथे सुरतेत, लिंबायतमध्ये कुणाच्या कानावर घातली तर म्हणतील, सुपडूबरोबर याचंही डोकं गेलं. म्हणून तुझ्याच सातव्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. तू रागावशील, वही खराब केली म्हणून. रागाव.

आठ वर्षं आपण कापडाच्या कारखान्यात एकाच आठ लूमवर होतो आणि एकाच खाटेवर झोपलो, पण एकत्र असे कधी नव्हतोच. तू दिवसपाळीला असलास की मी रातपाळीला, आठवड्याने उलट. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला कारखान्याच्या दारात दहा मिनिटं भेट. त्या दहा मिनिटांत कुठल्या लूमची तार सारखी तुटते ते सांगायचं, खोलीची चावी द्यायची आणि वही द्यायची. आत खडखडाटात तर कुणाचा शब्द कुणाला कळत नाही. सख्खे भाऊ एवढे जवळ नसतील आणि शेजारी एवढे लांब नसतील. मी खोलीवर यायचो तेव्हा गोधडीत तुझी ऊब असायची, मी शिव्या देत ती झटकून झोपायचो. आता गोधडी गार असते. मी झटकत नाही.

या खुळाची सुरुवात कशी झाली आठवतं? तू मॅट्रिकला बसलास आणि फक्त गणितात पास झालास, बाकी सगळीकडे आपटलास. मी नववीत शाळा सोडली, पण अक्षर माझं मोत्यासारखं. एका सकाळी तू लूमच्या लोखंडावर खडूने एकापुढे एक असे एक लिहीत बसला होतास. तीन एक, एकशे अकरा, तिनाने फुटले. पाच एक, एक्केचाळीसने फुटले. सात एकांनी तुला जरा दमवलं, शेवटी दोनशे एकोणचाळीसने फुटले तेव्हा तू मला चहा पाजलास, मला वाटलं तुला मुलगा झाला. आठ, नऊ, दहा, सगळे फुटत गेले. मग अकरा आले.

"वाचून दाखव," तू म्हणालास. मी वाचलं: अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. तू असा हसलास की बाजूच्या लूमवाल्याने वळून पाहिलं. "ऐकलंस? नुसतं अकरा अकरा अकरा. आणि अकरा स्वतः कुणाने फुटत नाही. ही संख्या फुटणार नाही, लिहून घे."

"अरे शहाण्या," मी म्हणालो, "सातसुद्धा कुणाने फुटत नाही. मग सात एक का फुटले?"

पण उत्तर नाही म्हणून गप्प बसेल तो सुपडू कसला! "सातची गोष्ट वेगळी," एवढं बोलून तू धाग्याची कांडी बदलायला गेलास. तो वाद तिथे सुरू झाला. तू म्हणायचं फुटत नाही, मी म्हणायचं फुटते. आपल्या दोघांतलं कुणी मूर्ख होतं, हे मात्र दोघांनाही मान्य होतं.

आता काम कसं वाटून घेतलं तेही लिहितो, कारण सगळं तिथेच अडलं. कुठल्या संख्येने भाग जातो हे बघायला सगळ्या न फुटणाऱ्या संख्यांनी एकेक करून भागायला हवं. तीनने, सातने, अकराने, तेराने, असं करत वर वर. तू हिशेब मांडून सांगितलंस, एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढेपर्यंत गेलं आणि तोवर भाग गेला नाही, तर ती फुटतच नाही. त्या न फुटणाऱ्या संख्यांची यादी करायची माझ्याकडे. कापडाच्या ताक्यांना गुंडाळून येणारा खाकी कागद मी पसरायचो, त्यावर संख्या मांडून दर तिसरी, दर पाचवी, दर सातवी अशी काट मारत जायचो, आणि ज्या उरतील त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचो. भागाकार तू करायचास. मग वही परत माझ्याकडे, मी नवाचा ताळा घ्यायचा. अंकांची बेरीज करायची, त्यातून नऊ टाकत जायचं, दोन्ही बाजूंनी सारखं उरलं की भागाकार बरोबर. बरोबर असला की मी खूण करायचो आणि तू खाली लिहायचास, "नही फुटस." प्रत्येक भागाकाराखाली. हजारो वेळा. मला त्या दोन शब्दांचा वीट आला होता.

आणि एक नेम होता. दर रविवारी मी नव्या यादीचं पान उतरवलं की पाळी बदलताना कारखान्याच्या दारात खाकी कागद तुझ्या हातात द्यायचा, मी वहीतून एकेक संख्या वाचायची आणि तू कागदावर बोट ठेवत मान हलवायची. लोक आपल्याला हसायचे. "पोथी लागली बघा," म्हणायचे. तू म्हणायचास, एक अंक चुकला तर सगळं पाण्यात. प्लेगच्या वर्षी निम्मी सुरत पळाली, लोकांनी भांडी उचलली, ट्रंका उचलल्या, आणि तू टॉवेलात वह्या बांधून स्टेशनवर उभा. मी हसलो होतो, पण खरं सांगू, खाकी कागदाची गुंडाळी माझ्या पिशवीत होती.

तुझं गावी काय ठरलं होतं ते मला माहीत होतं. मंगलवहिनी साक्रीकडे तुझ्या गावी, लेक तिच्याजवळ. दर दिवाळीला वहिनी विचारायची, आता पुरे ना सुरत? आणि तू लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचास, ही एक संख्या ठरू दे. फुटली तरी ठीक, नाही फुटली तरी ठीक, पण ठरली की लूम सोडली. गावात पोरांना गणित शिकवीन. बिचारी वहिनी! दुसऱ्या बायका सवतीवर जळतात, ही एका संख्येवर जळायची. पण तिने ते मानलं. वाट बघत राहिली.

मग ते आपलं भांडण. लेकीला विषमज्वर झाल्याची चिठ्ठी आली आणि तू गेला नाहीस. पुढच्या रविवारी जातो म्हणालास. मी दारातच, सगळ्यांसमोर, ओरडलो, "बाप आहेस का भागाकार?" तूही काही कमी नाहीस. "आधी स्वतःचं लग्न जमव, मग दुसऱ्याच्या संसारात नाक खुपस," म्हणालास. झालं. तीन आठवडे आपण एकमेकांशी बोललो नाही. चावी खिळ्याला, वही खिळ्याला. लेक बरी झाली, तू जाऊनही आलास, पण बोलणं काही सुरू झालं नाही. त्या तीन रविवारी मी यादीची पानं उतरवली आणि वाचून दाखवली नाहीत. मी म्हटलं, हा येईल तोंड उघडून, तेव्हा वाचू. तू म्हटलं असशील, हा येईल. शेवटी कुठल्याशा तुटलेल्या पट्ट्यावरून आपण बोलायला लागलो आणि ती पानं तशीच राहून गेली. त्यांची आठवणही झाली नाही.

त्यानंतर दीड वर्ष तू भागत होतास.

तुझा ताप शनिवारी वाढला. मी तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेत होतो आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणत होतास, "तीस हजार अकरा अर्धा राहिला रे." मी इतका घाबरलो होतो, इतका, की तुझ्यावर खेकसलो. "खड्ड्यात गेला तुझा तीस हजार अकरा!" तू डोळे मिटलेस. नंतर तीन दिवस मी पलंगाशी होतो, पण तू शुद्धीत असा आलाच नाहीस. मी तुला शेवटचं काय बोललो, तर हे. आठ वर्षांत मी तुला हजार शिव्या घातल्या असतील, त्यातली हीच नेमकी शेवटची ठरायला नको होती.

तेराव्याला गावी होतो. सगळे पांगल्यावर वहिनीने तुझ्या सामानाबरोबर आलेल्या सात वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "भाऊ, माले त्यामा काही समजस नही," ती म्हणाली. "पण त्यांनी अर्धं टाकलेलं मला बघवत नाही. तुम्ही पुरं करा. आणि माले इतलंच सांगा, फुटनी का नही." मी हो म्हटलं. मला वाटलं, आता राहिलेलं आयुष्य भागाकारात गेलं. पण नाही म्हणवेना.

सुरतेला परतल्यावर मी पहिल्यापासून वह्या चाळायला घेतल्या, तुझी पद्धत नीट समजावी म्हणून. तू एका वेळी एक संख्या बघायचास, मीही ताळा घेताना एकच बघायचो. सलग असं कधी कुणी पाहिलंच नव्हतं. पाचव्या वहीत एका पानावर माझी नजर अडखळली. वर २१६४७. खाली २१६६१. आणि दोन्हींच्या मध्ये, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात, २१४६९.

चढत जाणाऱ्या यादीत मध्येच एक संख्या खाली कशी येईल? मी खाकी कागद शोधला. खाटेखालच्या गुंडाळ्यांत सापडला. तिथे स्वच्छ, काट न मारलेली, उभी होती २१६४९. उतरवताना मी सहा आणि चार यांची जागा बदलली होती. ते भांडणाच्या दुसऱ्या आठवड्यातलं पान होतं.

तू त्या चुकीच्या संख्येने अगदी बिनचूक भागाकार केला आहेस. बाकी १९१३. मी ताळा घेतला आहे, खूणही केली आहे. ताळा चुकणार कसा? अंकांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच, बावीस. आणि खाली तुझं, "नही फुटस."

मी तिथेच खाटेवर बसून २१६४९ ने भागायला घेतलं. पाच. एक. तीन. दोन. तीन. शेवटी खाली राहिले १,९४,८४१, आणि नऊ वेळा घेतले तर तेही १,९४,८४१. मी वजाबाकी लिहिलीच नाही, नुसता बघत राहिलो. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस वेळा, बाकी काही नाही. वाद मी जिंकलो होतो, सुपडू. दीड वर्षापूर्वीच जिंकलो होतो, आणि माझ्याच हाताने ते लपवून ठेवलं होतं. च्यायला, काय हे नशीब! तू असतास तर तुला कुठे तोंड दाखवलं असतं मी?

आणि मला सर्वांत काय लागलं सांगू? २१४६९ ला सातने भाग जातो. सातने! रिक्षांचे नंबर बघून तू पळत्या रिक्षात सांगायचास, हा सातचा, हा तेराचा. तू त्या संख्येकडे एकदा तुझ्या नजरेने पाहिलं असतंस तर लगेच म्हणाला असतास, ही इथे कशी? पण तू पाहिलं नाहीस. ती माझ्या यादीत होती ना. आपण एकमेकांशी बोलत नव्हतो, तू मला मूर्ख म्हणत होतास, आणि माझ्या यादीवर मात्र तू एकदाही शंका घेतली नाहीस.

आठशेच्या आसपास भागाकार तू त्यानंतर केलेस. मी मोजायला बसलो होतो, मध्येच थांबलो. त्यातला एकही लागत नव्हता. तू दीड वर्षापूर्वी गावी असतास. अंगणात फळा लावून पोरांवर ओरडत असतास. तुला इथला ताप आला नसता. कधी वाटतं, मी उगाच स्वतःला छळतोय, तू काही गेला नसतास, तेरा एक घेऊन बसला असतास आणि वहिनीला म्हणाला असतास, अजून थोडंच. म्हणून मी तेरा एकही करून पाहिले. त्रेपन्नने फुटतात. एक चहा संपायच्या आत. तेवढ्याने तुला कुणी अडवलं नसतं.

दहा दिवस मी हे पोटात घेऊन फिरलो. वहिनीला नुसतं "फुटली" म्हणून कळवता आलं असतं. एका कार्डाचं काम. ती बिचारी कुठे वही उघडणार होती! पण तिने मला विचारलं होतं ते एवढ्याच विश्वासाने, की मी खरं सांगेन. एकाचा विश्वास मी आधीच बुडवला होता. रविवारी नवापूरमार्गे जाणारी एस.टी. धरली.

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होती. मी पाचवी वही उघडून तिच्यापुढे धरली, बोट ठेवून दोन्ही संख्या दाखवल्या, चार कुठे, सहा कुठे. सगळं सांगितलं. भांडणाचं, न वाचलेल्या पानाचं, दीड वर्षाचं. ती अंक ओळखते तेवढे ओळखते. एकेका अंकावरून तिने बोट फिरवलं.

"म्हणजे ते मागच्या दिवाळीच्या आधीच आले असते," ती म्हणाली.

"आले असते, वहिनी."

तिच्या मुठीत शेंगा होत्या, त्या तशाच राहिल्या. मी वाट बघत होतो, ती मला शिव्या घालेल, वही अंगावर फेकेल. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू. तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "चूक कुणाकडून झाली नाही? पण तुम्ही आलात सांगायला." मुठीतल्या शेंगा खाली ठेवत तिने विचारलं, "त्यांना शेवटपर्यंत काय वाटत होतं? फुटत नाही असंच ना?"

"असंच. रिक्षातसुद्धा तेच चाललं होतं."

"मंग त्यास्ले सांगू नका," वहिनी म्हणाली. "जिंकले असं समजून गेले. राहू द्या."

मी मान हलवली. शब्द दिला म्हण. आणि आज इथे पहिल्याच ओळीत सांगून बसलो. काय करू, सुपडू? तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही, आणि लपवलं ते हे एकच, तेही मला न कळता. वहिनीने तुला माफ केलं, मला माफ केलं. पण हा वाद तुझामाझा होता, तो तिच्या सांगण्यावरून कसा सोडू? मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, "सातची गोष्ट वेगळी." एवढंच. एकदाच.

आज संध्याकाळी पाळीवर जायच्या आधी सातवी वही उघडली. तुझा तीस हजार अकरा अर्धाच आहे. भागाकारात तीन, सात, शून्य इथवर आलास, खाली ७०४१ लिहिलंस, आणि अक्षर जरा वाकडं झालंय. ताप तेव्हाच अंगात असणार. हा भागाकार आता कुणालाच नको आहे. संख्या कधीच फुटली आहे. तरी मी पेन घेतलं. पुढचा एक उतरवला. दोन. तीन. चार. बाकी १८५३७. नवाचा ताळा घेतला, जुळला. मग ताळ्यावर विश्वास नाही म्हणून खाकी कागद काढून तीस हजार अकरा एकेक अंक बोट ठेवून मोठ्याने वाचला. मान हलवायला कुणी नव्हतं, ती मीच हलवली.

खूण केली. तुझी जागा खाली रिकामी होती. तीस हजार अकराने तर ती खरंच फुटत नाही, त्यात खोटं काही नाही. माझ्या अक्षरात नीट, एकेक अक्षर तपासून, मी तिथे लिहिलं:

नही फुटस, भो.